परिषद उठल्यावर

ब्रसेल्समधल्या मेट्रोपोल हॉटेलात १९११ च्या ऑक्टोबरअखेर जेमतेम दोन डझन माणसे जमली होती. यजमान होते सोड्याच्या धंद्यात गडगंज झालेले बेल्जियन उद्योगपती एर्नेस्ट सोल्व्हे. अध्यक्षस्थानी हेंड्रिक लोरेन्ट्झ आणि पाहुण्यांत प्लांक, रदरफर्ड, मारी क्यूरी, प्वांकारे, आइन्स्टाइन. ऊर्जा सलग वाहत नाही, ती सुट्या पुड्यांमध्ये येते, अशी एक विचित्र कल्पना प्लांकने मांडून दशक उलटले होते. तिचे करायचे काय, यावर पाच दिवस खल झाला. ३ नोव्हेंबरला मंडळी आपापल्या गावी पांगली.

आइन्स्टाइन मात्र खूश नव्हता. पुढे मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या परिषदेला जेरुसलेमच्या भग्नावशेषांपुढच्या विलापाची उपमा दिली. आपल्याला ठाऊक नव्हते असे काही तिथे कानावर आले नाही, हा त्याचा एकंदर सूर.

या परिषदेच्या कार्यवाहांत मोरिस द ब्रॉय नावाचे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. वाचलेले निबंध आणि त्यांवर झालेली चर्चा यांचे टाचण करून ते छापायला देण्याचे काम पॉल लांजव्हां आणि त्यांच्याकडे आले. मोरिस यांचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा. इतिहासाची पदवी घेऊन बसलेला, पुढे काय करावे हे न ठरलेला. घरात आलेले ते कागद त्याने वाचले आणि हे क्वांटा प्रकरण समजून घ्यायचेच, असे ठरवून टाकले. हा धाकटा भाऊ म्हणजे लुई द ब्रॉय, आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘डी ब्रॉग्ली’. १९२४ च्या प्रबंधात त्याने पदार्थाच्या कणांनाही तरंगाचे गुण असतात असे मांडले आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

खोलीत बसलेल्या सर्वांत बुद्धिमान माणसाच्या पदरात फारसे पडले नाही, आणि खोलीत नसलेल्या मुलाचे आयुष्य बदलले. मध्ये होते ते फक्त नीट उतरवून ठेवलेले इतिवृत्त. परिषदांचा हिशेब मांडताना हा बाहेरचा वाचक सहसा धरला जात नाही.

डेस्कटॉपवरचे फोल्डर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयातले दोन दिवसांचे चर्चासत्र डोळ्यांपुढे आणावे. दारात रांगोळी, नोंदणीच्या टेबलावर कापडी पिशव्यांची चळत. पिशवीत वही, पेन, कार्यक्रमपत्रिका आणि जेवणाची कुपने. दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबतात, बीजभाषण त्याहून लांबते, आणि त्याची भरपाई दुपारच्या शोधनिबंधवाचनातून केली जाते. पंधरा मिनिटांच्या भाषणाची तयारी करून आलेल्या संशोधक मुलीपुढे सहाव्याच मिनिटाला चिठ्ठी सरकते. ती शेवटच्या चार स्लाइड भराभर पुढे ढकलते. नेमका त्याच चार स्लाइडींत तिचा निष्कर्ष असतो.

खरे बोलणे चहाच्या टेबलाशी होते. कोणाला तरी कोणाचे तरी जुने कागदपत्र हवे असतात, कोणी तरी त्याच तालुक्यात काम केलेले असते, दोघे एकमेकांचे नंबर घेतात. मग समारोप, प्रमाणपत्रे, साडेपाचची एसटी गाठण्याची धांदल. निघता निघता एक विद्यार्थी विचारतो, “सर, तुमची पीपीटी मिळेल का?” सर म्हणतात, “हो, मेल टाक ना मला.” बहुतेक वेळा तो मेल जातही नाही.

व्यासपीठावरच्या लॅपटॉपमध्ये मात्र सगळ्यांच्या स्लाइड असतात. पेन ड्राइव्हवरून घाईघाईत उतरवून घेतलेल्या त्या फायलींची नावे ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ अशी असतात. दोन दिवसांत वाचले गेलेले सगळे काही डेस्कटॉपवरच्या त्या एका फोल्डरमध्ये पडून राहते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विभागाचा कार्यक्रम येतो, जागा हवी म्हणून कोणी तरी फोल्डर उडवते. निवडक निबंधांचे पुस्तक निघायचे असते. ते निघते तेव्हा चर्चेत उठलेले प्रश्न त्यात नसतात.

जंगलातली वही

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात ओबरवोल्फाख नावाचे छोटे गाव आहे. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, विल्हेल्म झ्यूस या गणितज्ञाने तिथे एक संशोधन संस्था काढली. आज जवळपास प्रत्येक आठवड्याला जगभरातून पन्नासेक गणिती निमंत्रणावरून तिथे येतात, एकत्र राहतात आणि शनिवारी पुढच्या गटासाठी जागा मोकळी करतात. व्याख्याने मुद्दाम कमी ठेवलेली असतात. बुधवारी दुपारी फळा बंद करून सगळे डोंगरातून पायी जातात आणि वाटेत चेरीचा केक खातात.

जेवणाची पद्धत तर फारच धूर्त. प्रत्येकाच्या नावाचे रुमालाचे पाकीट असते आणि कर्मचारी ती पाकिटे दर जेवणाला टेबलांवर नव्याने मांडतात. आपले पाकीट जिथे, तिथे बसायचे. नवखा विद्यार्थी दुपारी ज्याच्या शेजारी बसतो, त्याच्या नावाचे प्रमेय त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असू शकते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना ओळखीपाळखीनेच बसवतात. इथे ओळखी मोडून बसवतात.

पण या संस्थेची खरी ठेव म्हणजे तिथली व्याख्यानांची वही. बोलणाऱ्याने आपल्या भाषणाचा सारांश स्वतःच्या अक्षरात या वहीत लिहायचा, हा रिवाज पहिल्या दशकापासूनचा. कोणाचे अक्षर टपोरे, कोणाचे मुंगीसारखे. मध्येच आकृत्या, खाडाखोड, बाण. या वह्या स्कॅन करून संस्थेने आपल्या डिजिटल संग्रहात सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. एखादी कल्पना नेमकी कुठल्या साली, कोणाच्या तोंडून, किती कच्च्या रूपात पहिल्यांदा बाहेर आली, हे तिथे पाहता येते. २००४ पासून त्या वहीच्या जोडीला छापील अहवालही निघतात. प्रत्येक वक्ता आपल्या बोलण्याचा दोन-तीन पानी गोषवारा देतो आणि तो पुढे कोणालाही जालावर वाचता येतो.

यातली युक्ती साधी आहे. गोषवारा आधी मागवला तर माणूस काय बोलणार ते लिहितो. नंतर मागवला तर काय बोलला आणि लोकांनी काय विचारले, तेही त्यात उतरते. आपल्याकडचे बहुतेक निमंत्रक गोषवारा तीन महिने आधी मागतात आणि नंतर काहीच मागत नाहीत.

बोललेले दहा, छापलेले तेवीस

बोलण्यापेक्षा नंतर दिलेला कागद मोठा ठरल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पॅरिसचे आहे. ८ ऑगस्ट १९०० रोजी गणितज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत डेव्हिड हिल्बर्ट बोलायला उभा राहिला. येत्या शतकातल्या गणिताकडे नजर टाकणारे भाषण कर, ही सूचना त्याचा मित्र हेर्मान मिन्कोव्स्की याची. हिल्बर्टने न सुटलेल्या प्रश्नांची यादी केली होती, पण वेळ आखडता होता. व्यासपीठावरून त्याने मांडले दहाच प्रश्न. छापील मजकुरात ते तेवीस होते. मेरी विन्स्टन न्यूसन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९०२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि यादी सर्वदूर गेली.

यादीतला दहावा प्रश्न सभागृहात उच्चारलाच गेला नव्हता. पूर्णांकांची समीकरणे सुटतील की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक रीत असू शकते का, असा तो प्रश्न. अमेरिकेत मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९७० मध्ये लेनिनग्राडच्या तरुण यूरी मतियासेविचने शेवटची कडी जोडून उत्तर दिले: अशी रीत नाही. त्या उन्हाळ्यात पॅरिसला हजर असलेल्या श्रोत्यांनी हा प्रश्न हिल्बर्टच्या तोंडून ऐकला नव्हता. तोही त्यांना छापील कागदावरच भेटला.

पुण्यालाही ही परंपरा आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले, आणि त्याची सुरुवातीची वार्षिक इतिवृत्ते व संमेलनवृत्ते मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक आजही उघडतात. एखादे अस्सल पत्र पहिल्यांदा कुठे छापले गेले, हे शोधता शोधता माणूस त्याच पानांशी येऊन थांबतो. १९१९ च्या नोव्हेंबरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षपद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे होते. अधिवेशन तीन दिवसांचे. त्याचे इतिवृत्त मात्र दोन खंडांत निघाले. त्या काळी जाल नव्हते, झेरॉक्स नव्हते, तरी परिषदेइतकेच तिचे इतिवृत्त हेही कामच आहे, असे त्या पिढीने धरले होते.

डिस्क भरण्याची भीती

जालावर शोधनिबंध टाकण्याची जी सवय आज भौतिकशास्त्रात हाडीमासी खिळली आहे, तिचा जन्म एका परिषदेतल्या कुरकुरीतून झाला. १९९१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन इथे भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. छपाईपूर्व लेख ईमेलने एकमेकांना पाठवण्याची पद्धत तेव्हा नुकती सुरू झाली होती. प्रवासात असताना हे लेख येऊन येऊन आपल्या वाट्याची संगणकातली जागा भरून जाईल, अशी चिंता एकाने बोलून दाखवली. ते पॉल गिन्स्पार्ग यांच्या कानावर गेले. सगळे लेख एका ठिकाणी ठेवले आणि ज्याला जो हवा तो त्याने मागवला, तर? ऑगस्टमध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या संगणकावर ती सोय चालू झाली. आज ‘आर्काइव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कोठारात वीस लाखांहून अधिक लेख आहेत, आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ च्या फेब्रुवारीत, बर्म्युडा बेटावर मानवी जनुकसंचाचा आराखडा तयार करणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख भेटले. कोणी किती माहिती किती दिवस स्वतःकडे दाबून ठेवायची, हा नाजूक प्रश्न होता. ब्रिटनचे जॉन सल्स्टन पांढऱ्या फळ्यापाशी गेले आणि त्यांनी ठरावाचे मुद्दे हाताने लिहून काढले. डीएनएच्या एक हजार अक्षरांपेक्षा लांब जुळलेला प्रत्येक तुकडा आपोआप, शक्यतो रोजच्या रोज, सर्वांसाठी खुला करायचा. हाताने लिहिलेल्या त्या फळ्याचे छायाचित्र राहिले आहे. आज रोगनिदानासाठी एखाद्या जनुकाची तपासणी होते, तेव्हा तुलनेसाठी जो खुला नकाशा वापरला जातो, त्याच्यामागे ते काही ओळींचे टिपण आहे.

मुक्या स्लाइडी

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग सोपे आहे. प्रत्येकाची पीपीटी संकेतस्थळावर चढवली की झाले. इथेच गफलत होते.

स्लाइड ही बोलणाऱ्याच्या हातातली काठी आहे. तो चालत असतो तोवर ती उपयोगी. तो निघून गेला की नुसती काठी पाहून रस्ता कळत नाही. ‘पार्श्वभूमी’, ‘आव्हाने’, ‘पुढील दिशा’ असे मथळे आणि त्यांखाली अर्धवट वाक्यांचे ठिपके, हे वाचून घरी बसलेल्याला काय उमगणार?

नुसते उमगत नाही एवढ्यावर भागले तर बरे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन उडाले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फेसाचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो स्लाइडींच्या रूपाने वरिष्ठांपुढे गेला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे, आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरात, एक तुलना: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा, प्रत्यक्षात आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. चाचणीचे निष्कर्ष इथे लागू पडतील याची खात्री नाही, हे सांगणारी ओळ पानाच्या तळाशी दडली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळले आणि सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात घेतली. तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइडी वापरण्याच्या सवयीवर मंडळाने स्पष्ट ठपका ठेवला.

चर्चासत्रातल्या पीपीटीमुळे कोणाचा जीव जात नाही. पण खोलीत नसलेल्या माणसाच्या हाती नुसत्या स्लाइडी पडल्या की तो मथळा वाचतो आणि तळाची ओळ त्याच्या नजरेतून सुटते, हे दोन्हीकडे सारखेच. म्हणून जाणते वक्ते दोन आवृत्त्या करतात. पडद्यावरची मोकळी, मोठ्या अक्षरांची. ठेवायची आवृत्ती वेगळी: प्रत्येक स्लाइडखाली चार पूर्ण वाक्ये, आकडा कुठून घेतला ते आणि चर्चेत आलेल्या आक्षेपांची नोंद. हे परिषदेवरून परतल्यावर त्याच आठवड्यात केले तर तासाभराचे काम आहे. महिन्याने करू म्हटले तर कोणी काय विचारले होते, हेच आठवत नाही.

कॅमेरा बघतो तेवढे

दुसरा मार्ग चित्रफितीचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. हातात माउस, पडद्यावर एका शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर जाणारे दुवे, आणि दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा त्याच पडद्यावर. घरोघरी संगणक यायला तेव्हा बराच अवकाश होता. त्या प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण झाले होते आणि फिती जपल्या गेल्या, म्हणून आज कोणीही ते घरबसल्या पाहू शकतो. त्यातला एंगलबार्टचा शांत, काहीसा अवघडलेला आवाज कुठल्याही छापील निबंधात उतरला नसता.

भारतात हे काम नेटाने करणाऱ्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळुरूमधले आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात वर्षभर कार्यशाळा चालतात आणि त्यांतली व्याख्याने यूट्यूबवर चढवली जातात. कार्यक्रमाच्या पानावर वक्त्याच्या स्लाइडीही मिळतात. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या महाविद्यालयात एमएस्सी करणाऱ्या मुलाला तिथे निमंत्रण मिळण्याची शक्यता कमी, पण बंगळुरूच्या फळ्यावर मांडलेले गणित रात्री वसतिगृहात मोबाइलवर थांबवत थांबवत बघता येते. न कळलेली ओळ दहा वेळा मागे नेण्याची सोय तर सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्यालाही नसते.

मग आला करोना. २०२० च्या मार्चमध्ये डेन्व्हरला अमेरिकन फिजिकल सोसायटीची सभा व्हायची होती. दहा हजारांहून अधिक लोक येणार होते. सुरुवातीला दोन दिवसही उरले नसताना सभा रद्द झाली. काही जण तर विमानतळावरूनच परतले. बऱ्याच वक्त्यांनी तयार स्लाइडी आणि घरी बोलून केलेल्या चित्रफिती जालावर ठेवल्या. पुढची दोन वर्षे सगळे जग त्याच वाटेने गेले. २०२२ ची गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद सेंट पीटर्सबर्गला ठरली होती. युक्रेनवरच्या आक्रमणामुळे ती पूर्ण ऑनलाइन झाली आणि तिची व्याख्याने सर्वांसाठी खुली राहिली.

तरी ऑनलाइन परिषदांत काही तरी हरवते, हे दोन वर्षांत सगळ्यांना कळून चुकले. चौकोनात बसलेल्या चेहऱ्यांना चहाचे टेबल नसते. ओबरवोल्फाखमधले रुमालाचे पाकीट झूमवर मांडता येत नाही. व्याख्यान जालावर जाते, गाठभेट जात नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी समोरासमोर भेटायचे आणि नंतर जालावर ठेवायचे, अशी वाटणी होत आहे.

न सांगण्याचा करार

सगळेच उघडे करावे असे मात्र नाही. १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नील गॉर्डन या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या, आज गॉर्डन परिषदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बैठकांत उलटा नियम आहे: छायाचित्र काढायचे नाही, ध्वनिमुद्रण करायचे नाही, ऐकलेले कुठे उद्धृत करायचे नाही. कारण तिथे लोक अप्रकाशित काम घेऊन येतात. फसलेला प्रयोग, अर्धी शंका, अजून न जुळलेला आकडा हे सगळे मोकळेपणी बोलायचे तर ते उद्या जालावर फिरणार नाही, याची हमी लागते.

समाजशास्त्रांत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. एखाद्या वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती घेतलेली संशोधक वीस जणांपुढे त्यांतल्या एकीचे छायाचित्र दाखवते, तेव्हा ते वीस जण त्याचा संदर्भ जाणतात. तेच छायाचित्र जालावर गेले की ती बाई तिच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मालकाला दिसू शकते. मुलाखतीसाठी दिलेली संमती ही जालासाठीची संमती नसते. म्हणून नीट चालणाऱ्या परिषदा नोंदणीच्या अर्जातच विचारतात: स्लाइडी ठेवू का? आवाज ठेवू का? कुठल्या स्लाइडी वगळायच्या? पुस्तकातून उचललेली छायाचित्रे आणि नकाशे यांच्या हक्कांचाही निकाल तिथेच लावावा लागतो. आपले साहित्य इतरांनी कसे वापरलेले चालेल, हे एका ओळीत सांगण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. नाव देऊन कोणीही वापरावे, की व्यापारासाठी नको, हे वक्त्याने ठरवायचे.

पत्ता टिकला पाहिजे

आणि ठेवायचे कुठे? २००६ मध्ये स्लाइडशेअर सुरू झाले, त्याच्या संस्थापकांत भारतीय होते आणि बरेचसे काम दिल्लीतून चाले. पीपीटी चढवा, दुवा वाटा, इतके सोपे. २०१२ मध्ये ते लिंक्डइनकडे गेले, २०२० मध्ये स्क्रिब्डकडे. मालक बदलला की नियम बदलतात. परिषदेसाठी वेगळे संकेतस्थळ काढले तर आणखी वाईट. वर्षाचे पैसे भरायचे राहिले की पत्ता गेला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नव्हती.

यावर एक उपाय सर्नने काढला आहे. देवकण शोधणाऱ्या या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये ‘झेनोडो’ नावाचे कोठार उघडले. जगातल्या कुठल्याही विषयाचा संशोधक तिथे स्लाइडी, चित्रफिती, आकडेवारी विनामूल्य ठेवू शकतो. प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. पुस्तकाला आयएसबीएन असतो तसाच हा; सर्व्हर बदलला तरी क्रमांकावरून नोंद सापडते आणि संदर्भसूचीत देता येते. चर्चासत्राच्या नावाने तिथे एक कप्पा उघडला की वीस निबंधांच्या स्लाइडी एका जागी राहतात. डेस्कटॉपवरच्या फोल्डरला लागतो तेवढाच वेळ.

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण जास्तीची. अजूनही पुष्कळ स्लाइडी युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टांत केल्या जातात. आपल्या संगणकावर ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ असे झकास दिसते; दुसऱ्याच्या संगणकावर तिथे इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी उमटते. पीडीएफ केले तर डोळ्यांना अक्षरे नीट दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ती अजून खिचडीच असते. मग तो निबंध जालावर असूनही ‘शेतकरी’ असे शोधणाऱ्याला सापडत नाही. युनिकोडमध्ये टंकलेखन, फाइलच्या नावात वक्ता, विषय आणि साल, आणि सोबत दहा ओळींचा मराठी सारांश, इतके केले तरी ‘नवीन फायनल’ला स्वतःची ओळख मिळते.

ब्रसेल्समधल्या परिषदा पुढेही होत राहिल्या. १९२७ च्या ऑक्टोबरातल्या पाचव्या परिषदेचे समूहछायाचित्र भौतिकशास्त्राच्या कितीतरी वर्गांच्या भिंतींवर लावलेले दिसते. एकोणतीस माणसे, त्यांतल्या सतरा जणांना नोबेल मिळालेले किंवा पुढे मिळायचे. पहिल्या रांगेत मध्यभागी आइन्स्टाइन आणि त्याच्या शेजारी पॉल लांजव्हां, पहिल्या परिषदेचे इतिवृत्त छापून घेणारे. त्यांच्या मागच्या रांगेत, कॉम्प्टन आणि बोर्न यांच्या मध्ये, पस्तीस वर्षांचा लुई द ब्रॉय बसला आहे.